भांडवलशाहीचे आयुष्य आणि बरगीचे पाणी

भांडवलशाही दीर्घकाळ टिकू शकेल काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा एखादी बँक बुडाली, शेअरबाजार कोसळला किंवा एखाद्या गिरणीच्या दाराला टाळे लागले म्हणजे विचारला जातो, आणि चार-सहा महिन्यांत बाजार सावरला, की त्याच्याबरोबर प्रश्नही मागे पडतो. परंतु मंदी आणि दिवाळे हे या व्यवस्थेचे जुनेच विकार असून त्यांतून ती प्रत्येक वेळी उठलेली आहे; १९२९ च्या महामंदीतून ती उठली, २००८ च्या अरिष्टातूनही उठली. तिच्या आयुष्याची खरी परीक्षा करावयाची असेल, तर ज्या पेढ्यांवर तिचा नफा मोजला जातो त्या पेढ्या सोडून, ज्या रानातून, नदीतून आणि शेतातून तिचे पहिले साहित्य उचलले जाते तेथे जावे लागते. या प्रकरणापुरते आपण त्यासाठी जबलपूर जिल्ह्यातील बरगी हे ठिकाण घेऊ. कारण गेल्या दीडशे वर्षांत भांडवलाने भूमी, अरण्य, नदी आणि माणूस यांच्याशी जे जे व्यवहार केले, ते जवळजवळ सगळे या एका खोऱ्यात क्रमाने पाहावयास मिळतात.

जबलपूर शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, नर्मदेच्या पात्रावर उभे असलेले बरगीचे धरण १९७४ साली बांधावयास घेतले आणि १९९० मध्ये पुरे झाले. १८५७ च्या उठावात लढलेल्या रामगडच्या राणी अवंतीबाई लोधी यांचे नाव त्याच्या जलाशयाला दिलेले आहे. धरणाची उंची सुमारे ६९ मीटर, लांबी पाच किलोमीटरांहून अधिक. मागे तुंबलेले पाणी सुमारे ७५ किलोमीटर लांबवर मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांत शिरलेले आहे. नर्मदा खोऱ्यासाठी जी ३० मोठ्या धरणांची योजना आखली गेली, तीतील हे अगदी पहिल्यांपैकी एक. १६२ गावे या पाण्याने बाधित झाली. आरंभीच्या अंदाजात हा आकडा १०१ होता; म्हणजे मोजणीच्या दप्तरात नसलेली साठाहून अधिक गावे पाण्याने स्वतःच मोजून दाखविली. एक लाखाहून अधिक माणसे उठली, आणि त्यांत गोंड आदिवासींचा भरणा मोठा होता.

मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले, त्यापूर्वी तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हा जबलपूर, मंडला, सिवनी हे सगळे जिल्हे नागपूर या राजधानीच्याच कारभाराखाली आले. त्याच दशकात इंग्रज सरकारने येथे जो जमाबंदीचा उद्योग केला, तो भांडवलशाहीच्या इतिहासात युद्धाइतका महत्त्वाचा मानला पाहिजे. तोपर्यंत मालगुजार हा मौजाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा इसम होता. नव्या बंदोबस्ताने त्याला जमिनीचा मालक ठरविले. ज्या वस्तूला आजवर वहिवाट होती, हक्क होते, मानपान होते, तिला या कागदाने किंमत आली. ती गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली आणि सावकाराच्या कज्जात जप्तही होऊ लागली.

जमिनीमागोमाग अरण्याची पाळी आली. मुंबईहून येणारा लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग हे १८७० मध्ये जबलपुरास एकमेकांना भेटले, आणि या रुळांखाली घालावयास लागणाऱ्या लाकडी स्लीपरांसाठी मंडल्याकडील साल वृक्षांची वने ही सरकारला मोठी दौलत वाटू लागली. या वनांत बैगा लोक बेवर नावाची फिरती शेती करीत. झाडोरा तोडून जाळावयाचा, राखेत बी फेकावयाचे आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा पुन्हा रानाला सोडून द्यावयाची, अशी तिची रीत. स्लीपरांच्या हिशेबात ही रीत म्हणजे नासाडी ठरली. तिच्यावर बंदी आली, आणि १८९० मध्ये मंडला जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात 'बैगा चक' नावाचा टापू आखून तेवढ्यापुरती ती करण्याची मुभा उरली. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे हे पाप, अशी ज्यांची श्रद्धा, त्या लोकांना नांगर धरा म्हणून सांगण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अरुंद मापाची छोटी लाइन झाली. बरगीचे स्थानक याच मार्गावरचे, आणि या गाडीने धान्य, लाकूड, बांबू आणि मजूर या खोऱ्यातून बाहेर नेले.

जर्मन समाजवादी विदुषी रोझा लक्झेंबर्ग हिने १९१३ मध्ये भांडवलसंचयावर जो ग्रंथ लिहिला, त्यातील मध्यवर्ती प्रतिपादन या खोऱ्याच्या इतिहासाशी ताडून पाहण्याजोगे आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, भांडवलशाहीला केवळ स्वतःच्या आत राहून वाढता येत नाही. तिला आपल्या बाहेरचा, अद्याप बाजारात न आलेला प्रदेश सदैव लागतो, कारण स्वस्त कच्चा माल, स्वस्त मजूर आणि नवे गिऱ्हाईक तेथूनच मिळते. हा बाहेरचा प्रदेश ती खाते आणि वाढते. पण ज्या दिवशी सगळेच तिच्या आत येईल, त्या दिवशी तिच्या वाढीचा आधारच नाहीसा होईल. अर्थशास्त्रज्ञांनी या सिद्धांताच्या गणितातील उणिवा पुढे दाखविल्या, आणि त्या उणिवा खऱ्या आहेत. तथापि बरगीच्या काठी उभे राहून पाहता, गणिताची चूक बाजूला ठेवून निरीक्षणाचे मोल मान्य करावे असेच माझे मत होते. येथे प्रथम जमीन बाहेरची होती, ती आत आली. मग अरण्य आले. मग नदी आली. आणि प्रत्येक वेळी जी वस्तू उचलली गेली, तिची पुरती किंमत कोणाच्याही खतावणीत नावे पडली नाही.

येथे एक रास्त आक्षेप निघेल. धरण सरकारने बांधले, पैसा सरकारचा, वीज सरकारची. मग या सगळ्याचा दोष भांडवलशाहीच्या माथी का मारावा? या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांना पूरक आहेत. पहिले असे की, आपल्या देशात शासनाने धरणे, पोलाद आणि लोहमार्ग यांवर पैसा ओतावा ही मागणी खुद्द उद्योगपतींचीच होती. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास प्रभृतींनी जी 'मुंबई योजना' प्रसिद्ध केली, तिच्यात शासनाला फार मोठी भूमिका दिलेली होती. कारण ज्या कामात पैसा पंचवीस-तीस वर्षे अडकून पडतो आणि नफा अनिश्चित असतो, ते काम सार्वजनिक तिजोरीने करावे आणि त्यातून निघालेली स्वस्त वीज व पाणी खाजगी उद्योगाने वापरावे, हा हिशेब त्यांना पुरता समजलेला होता. दुसरे उत्तर अधिक कटू आहे. ज्या देशांनी भांडवलशाही उलथून टाकली, त्यांनीही नद्यांचे असेच केले. सोव्हिएत राज्याने कापसासाठी ज्या नद्या वळविल्या त्यांच्यापायी अरल समुद्र आटून गेला. तेव्हा बरगीचा सगळा दोष एका अर्थव्यवस्थेच्या नावावर टाकून मोकळे होता येणार नाही. मात्र भेद एवढा राहतोच, की सतत वाढत राहणे ही इतर व्यवस्थांची हाव असू शकते; भांडवलशाहीची ती अट आहे. जी पेढी वाढत नाही, तिला शेजारची पेढी गिळते.

मग ही व्यवस्था आजवर टिकली कशी? ती आपल्याच लोभाने मरेल असे भाकीत एकोणिसाव्या शतकापासून केले जात आहे. कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये लिहून ठेवले की ही उत्पादनपद्धती कामगाराबरोबर मातीचेही सत्त्व शोषते, आणि १९४२ मध्ये योझेफ शुंपीटर या तिच्या चाहत्याने, भांडवलशाही टिकेल काय या आपल्याच प्रश्नाला नकारार्थी उत्तर दिले. तरी ती टिकली. याचे कारण शोधण्यासाठी मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा उजेड असेतो काम आणि महिन्याकाठी सुटीचा पत्ता नाही, अशी तेथील रीत होती. सभा झाल्या, अर्जांवर हजारो सह्या झाल्या, आणि १८९० मध्ये मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. मालकांना वाटले होते की याने धंदा बुडेल. धंदा बुडाला नाहीच, उलट थोडीबहुत विश्रांती मिळालेला कामगार दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहू शकला आणि गिरणी पुढची कित्येक दशके चालली. भांडवलशाहीच्या दीर्घायुष्याचे श्रेय मी तिच्या मालकांपेक्षा लोखंड्यांसारख्या विरोधकांना अधिक देतो. स्वतःचा हात आवरण्याची शक्ती तिच्या अंगी नाही. तो दुसऱ्याने धरावा लागतो.

परंतु या दुरुस्तीला एक कठोर अट आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या प्रश्नाची मेख तेथे आहे. गिरणीतला कामगार हात थांबवू शकत होता, आणि त्याने हात थांबविला की चात्या थांबत. म्हणून त्याचे ऐकावे लागले. ज्याच्यावाचून यंत्र अडत नाही, त्याचे कोणी का ऐकावे? पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या मावळ्यांना हा प्रश्न १९२१ मध्ये पडला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीने मुळा-निळा खोऱ्यात धरण बांधावयास घेतले. पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. 'जान किंवा जमीन' ही घोषणा घेऊन मावळे बांधकामावर जाऊन बसले आणि पुढे सेनापती बापटांसारखा पुढारी त्यांना मिळाला. त्या विजेने मुंबईच्या गिरण्यांची कोळशापासून बरीच सुटका केली, हेही खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण सत्याग्रह मोडला तो प्रामुख्याने कशाने? कागदोपत्री जमिनीचे मालक पुष्कळसे पुण्याचे सावकार होते. त्यांना मोबदल्याची चांगली रक्कम मिळताच त्यांचा विरोध सरला, आणि प्रत्यक्ष कसणारा मावळा मागे एकटा उरला. त्याच्या श्रमावाचून धरणाचे काहीच अडत नव्हते. अडवीत होती ती त्याची केवळ उपस्थिती, आणि ती फौजदाराकरवी हटविता येत होती.

बरगीत पन्नास वर्षांनी हेच घडले, पण विरोध उभा राहण्यापूर्वीच पाणी उभे राहिले. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली आणि तिच्याबद्दल रोख रक्कम हाती पडली. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली नाही. ज्या कुटुंबाने पिढ्यानपिढ्या पैसा फक्त मंडईच्या दिवशी पाहिला होता, त्याच्या हातातून ती तुटपुंजी रक्कम वर्षा-दोन वर्षांत निघून गेली. कोणी उंचावरच्या माळावर खोपटी घालून राहिले. कित्येकजण जबलपूरला येऊन झोपडपट्ट्यांत शिरले आणि सायकलरिक्षा ओढू लागले. शहराला यातून स्वस्त रिक्षा मिळाल्या, स्वस्त बिगारी मिळाले. आणि ज्या सिंचनासाठी हे सर्व झाले, त्याची स्थिती काय? संकल्प होता चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजविण्याचा. धरण पुरे झाल्यावर पहिली कित्येक वर्षे भिजलेले क्षेत्र त्या मानाने अत्यल्प राहिले. उजव्या कालव्याचे पाणी कटनी, सतना, रिवा या बाजूला नेण्यासाठी स्लीमनाबादजवळ सुमारे बारा किलोमीटरांचा जो बोगदा खणावा लागला, त्याचे काम धरण पुरे झाल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी सुरू होऊन पुढे एका तपाहून अधिक काळ रखडले.

याच जलाशयावर मात्र एक अशी गोष्ट घडली, की तिच्यामुळे बरगीचे नाव केवळ दुःखाच्या यादीत राहिले नाही. शेते बुडाली, पण बुडालेल्या शेतांवर आता मासळी वाढू लागली. कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटाएवढी पिले जलाशयात सोडली जात आणि ती तेथे फोफावत. या मासळीचा हक्क प्रथम सरकारी महामंडळाकडे आणि त्याच्यामार्फत ठेकेदाराकडे गेला. ज्यांच्या घरात आजवर नांगर होता अशा माणसांनीही ढीमर आणि केवट शेजाऱ्यांप्रमाणे जाळे हाती घेतले. संध्याकाळी डोंगीतून नायलॉनचे जाळे पसरून यावयाचे, रात्रभर ते पाण्यात राहू द्यावयाचे आणि पहाटे उचलावयाचे. मासळी काठावर आणली, की तेथे तराजू ठेकेदाराचा, भाव ठेकेदाराचा, आणि जाळ्यासाठी दिलेली उचल कापून घेणारी वहीही त्याचीच. म्हणजे ज्याच्या शेतावर पाणी आले, त्याला आपल्याच शेतावरची मासळी धरण्याची मजुरी काय ती मिळे.

पण येथे एक फरक होता, आणि तो मुळशीच्या मावळ्याच्या वाट्याला आलेला नव्हता. ठेकेदाराचा धंदा या माणसांच्या हातांवर चालत होता. १९९० नंतरच्या वर्षांत बरगीच्या विस्थापितांनी आपला संघ उभारला, ठेकेदाराच्या तराजूवर मासळी घालण्याचे नाकारले आणि ती स्वतः बाजारात नेऊन विकण्यास आरंभ केला. पोलीस आले, खटले झाले, डोंग्या अडविल्या गेल्या. पण मासळी धरणारे दुसरे हात ठेकेदाराकडे नव्हते. अखेर १९९४ मध्ये मध्य प्रदेश शासनाने जलाशयातील मासेमारीचा हक्क विस्थापितांच्याच सहकारी संघाला दिला. काठावरच्या गावागावांत मिळून पन्नासहून अधिक प्राथमिक संस्था स्थापन झाल्या, त्यांवर एक शिखर संघ; पिले सोडणे, मासळी गोळा करणे, बर्फात भरून बाजारात पाठविणे आणि शासनाला स्वामित्वधन भरणे ही सगळी कामे या संघाने अंगावर घेतली. गावातल्या माणसाच्या हाती मिळणारा दर ठेकेदाराच्या काळापेक्षा वाढला. बरगीचा हा अनुभव पाहून तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील तवा धरणाच्या विस्थापितांनी तशीच मागणी लावून धरली आणि १९९६ च्या अखेरीस तीही मान्य झाली. तवाच्या संघाने तर मासेमारीच्या बंदीच्या पावसाळी महिन्यांत सभासदांच्या घरी काही पडावे म्हणून त्यांच्या कमाईतून बचत बाजूला काढण्याची रीतही चालविली.

हा बाजाराचा नाश नव्हता, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. मासळी बाजारातच विकली जात होती, भावाची घासाघीस होत होती, नफाही होत होता. बदलली ती एवढीच गोष्ट, की जलाशय भरलेला राहावा यात ज्याचा खरा स्वार्थ, त्याच्या हाती हिशेबाची वही आली. ठेकेदाराचा करार ठराविक मुदतीचा असतो. मुदतीच्या आत जेवढी मासळी काढता येईल तेवढी काढावी, बारीक डोळ्याचे जाळे घालून पिलेही उपसावीत, यातच त्याचा फायदा असतो. काठावर राहणाऱ्याला पुढच्या वर्षीही तेच पाणी आणि तीच मासळी हवी असते. म्हणून जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतची विणीच्या काळातील बंदी पाळली जाणे ही त्याच्या पोटाची बाब ठरते. अमेरिकन विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते सामाईक मालमत्तेच्या अशाच प्रकारच्या अभ्यासाबद्दल. लोक आपापसांत नियम करून तलाव, कुरणे आणि मत्स्यक्षेत्रे पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणे गोळा करून दाखविले. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलाव, ज्यांना तिकडे मामा तलाव म्हणतात, ते पाहिलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही.

हा प्रयोग फार दिवस चालू दिला गेला नाही. काही वर्षांतच बरगीच्या संघाकडील हक्क काढून तो राज्याच्या मत्स्य महासंघाकडे गेला; तवाचा हक्क २००६ मध्ये संपला, आणि तेथे व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे आले. या निर्णयांमागे संघाचे अपयश होते असे म्हणण्यास आधार मला दिसत नाही. हक्क शासनाच्या मर्जीने मिळालेला होता, तो कायद्याने बांधलेला नव्हता. आणि मर्जी फिरली. तरी विस्थापितांनी मिळविलेली दुसरी एक गोष्ट टिकून राहिली. पावसाळ्यानंतर जलाशयाची पातळी ठराविक मुदतीत खाली आणावी, म्हणजे काठाची गाळाची जमीन उघडी पडून तीवर रब्बीचे पीक घेता येईल, अशी त्यांची मागणी होती. पाणी उतरते तसतसे ओल्या काळ्या चिखलामागून गहू, हरभरा, वाटाणा, मसूर यांची पेरणी खाली खाली सरकत जाते. बांध नाहीत, विहीर नाही, खत नाही, फक्त मागे राहिलेली ओल. पाणी उशिरा उतरले तर पेरा चुकतो. म्हणून येथील शेतकऱ्याचे लक्ष ढगांइतकेच धरणाच्या दारांकडे असते, आणि ती दारे केव्हा उघडावयाची हे विजेची मागणी पाहून ठरविणारा अधिकारी त्याच्यापासून पुष्कळ दूर बसलेला असतो.

आता हिशेबाच्या वहीकडे वळू. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहात प्रत्येकी ४५ मेगावॅटची दोन यंत्रे आहेत. त्या यंत्रांचा घसारा दरसाल जमाखर्चात लिहिला जातो, म्हणजे ती झिजली की नवी घेण्याची तरतूद आपोआप होत राहते. नफा मोजण्यापूर्वी झीज वजा करावी, हा व्यापाराचा फार शहाणा नियम आहे. पण जलाशयाच्या तळाशी दरवर्षी जो गाळ बसतो, त्याने पाण्याची जागा कमी होत जाते. खाली नदीच्या पात्रातील महाशीर मासा, जो मध्य प्रदेशाने आपला राज्यमासा म्हणून जाहीर केला आहे, त्याची वर चढण्याची वाट भिंतीने बंद झाली आहे. बुडालेल्या रानाची आणि उठलेल्या माणसांची तर गोष्टच निराळी. यांपैकी कशाचाही घसारा कोणत्याही ताळेबंदात लिहिला जात नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये पर्यावरणाचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नाशी जोडण्याची एक पद्धत मान्य केली खरी. पण ज्या कंपनीला वा मंडळाला ही झीज भरून द्यावयाची, तिच्या वहीपर्यंत ती अजून पोहोचलेली नाही. जो दुकानदार मुद्दल विकून आलेल्या पैशाला नफा म्हणतो, त्याचे दुकान किती दिवस चालेल हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. आणि भांडवलशाहीच्या दीर्घायुष्याविषयी मला जी चिंता वाटते ती नेमकी याच स्वरूपाची आहे.

या जलाशयाच्या पाण्याने पुढे आणखी एक धडा शिकविला. सिवनी जिल्ह्यातील घंसौर तालुक्यात, याच पाण्यावर चालणारे ६०० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र एका खाजगी कंपनीने उभारले. नाव झाबुआ पॉवर. केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले, कर्ज फिटेना, आणि दिवाळखोरीच्या कायद्याखालील कार्यवाहीतून २०२२ मध्ये ते एनटीपीसी या सार्वजनिक कंपनीकडे आले. केंद्र चालू राहिले आणि ते राहावयासही हवे, कारण वीज गावाला आणि शहराला दोघांनाही लागते. परंतु या व्यवहारात कोणाला किती मुभा मिळाली हे पाहण्यासारखे आहे. ऋणको कंपनीला कायद्याने आपल्या बोज्यातून बाहेर पडण्याची वाट दिली, सावकार बँकांना उरलेसुरले वसूल करण्याची रीत दिली, आणि बुडत्या यंत्राला सार्वजनिक भांडवलाचा टेकू दिला. १९९० पूर्वी याच पाण्यापायी ज्याचे शेत बुडाले त्याच्यासाठी असा एकही कायदा नव्हता. भांडवलाच्या अपयशाची वाटणी समाजात होते. समाजाच्या नुकसानीची वाटणी भांडवलात होत नाही. ही विषमता जोवर आहे तोवर व्यवस्था चालत राहील, पण ती आपल्या बळावर चालते असे म्हणता येणार नाही.

नवे तंत्रज्ञान हा पेच सोडवील, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. सूर्याच्या विजेला गाव बुडवावे लागत नाही. कोळशाच्या धुराची झीज तिच्यात नाही. मी या आशेत सहभागी आहे. पण तंत्रज्ञान कोणाच्या हाती आणि कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न त्याने सुटत नाही. सूर्याची विस्तीर्ण तावदानेही कोणाच्या तरी गायरानावरच उभी राहतात, आणि गायरानाची किंमत महसूल दप्तरात आजही पडीक म्हणूनच लिहिली जाते. पडीक म्हणजे ज्यावर कोणाचे काही चालत नाही असे नव्हे, हे बरगीच्या काठावर गुरे चारणाऱ्याला विचारले तर कळेल.

आणि बरगीच्या जलाशयावर हा प्रश्न आजही अनिर्णित उभा आहे. मंडला जिल्ह्यातील चुटका येथे, या पाण्याच्या काठी, प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या उभारण्याची योजना आहे. चुटका, टाटीघाट, कुंडा या गावांतील गोंड कुटुंबे तीच, ज्यांच्या जमिनी धरणाने एकदा घेतल्या आणि जी पाण्याच्या वर सरकून पुन्हा वसली. २०१३ मध्ये लोकांच्या विरोधामुळे येथील जनसुनावणी पुढे ढकलावी लागली, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत ती पोलीस बंदोबस्तात उरकण्यात आली. १९७४ मध्ये या माणसांच्या हाती नव्हते ते एक साधन आज त्यांच्याजवळ आहे. मंडला हे अनुसूचित क्षेत्र आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा अशा क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेची पूर्वसंमती मागतो, आणि या गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केलेले आहेत. मात्र त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अणुऊर्जेच्या कायद्याला वेगळी सवलत ठेवलेली आहे. मोबदल्याचे नियम पुढे त्यालाही लागू झाले. संमतीचे तसे झाले नाही. ही सवलत काढून टाकली पाहिजे, आणि जेथे गाव एकदा उठविलेले आहे तेथे दुसऱ्यांदा उठविण्यासाठी ग्रामसभेचा होकार ही बिनशर्त अट असली पाहिजे. गिरणी कामगाराला जे बळ चात्यांवरच्या हाताने दिले, तेच या गावाला त्या ठरावाच्या कागदाने देता येईल. आणि तेवढे बळ त्याच्या हाती आले, तरच या प्रकल्पाच्या ताळेबंदात चुटक्याच्या जमिनीची खरी रक्कम लिहिली जाईल.